दूरच्या निरोपाचे कुलूप

कोकणातल्या घरांना मनीऑर्डर आणि रजिस्टर पाकीट म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी महिन्याकाठी पैसे पाठवायचा आणि मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याकडची चूल त्यावर पेटायची. महत्त्वाचा कागद असला की तो रजिस्टर पाकिटातून येई आणि पाकिटावर लाखेचा शिक्का असे. शिक्का शाबूत आहे ना, हे पाहूनच घरातला वडीलधारा माणूस पोस्टमनच्या कागदावर सही करी. आता लाख काही बळकट वस्तू नव्हे. ती नखानेही तुटते. तिचे काम चोराला अडवण्याचे नसतेच. चोर येऊन गेला एवढेच तिने सांगायचे असते.

आज पैसे मोबाईलवरून येतात. क्षणात येतात. पण या पाकिटावर शिक्का कुठे आहे? तारेतून जाणारा निरोप वाटेत कुणी उतरवून घेतला तर मालवणच्या माणसाला कळणार कसे? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. निसर्गानेच लावलेला शिक्का मिळू शकतो का, आणि तो शेकडो मैलांवर शाबूत पोचवता येतो का, हे आपण पाहू.

प्रथम आजचे कुलूप कसे आहे ते बघा. बँकेचा निरोप उघडा जात नाही. तो अंकांच्या कुलपात बंद करून पाठवतात. या कुलपाच्या किल्लीची देवघेव गणितातल्या काही अवघड उदाहरणांवर उभी आहे. दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधून काढणे महाकठीण, असे हे उदाहरण असते. म्हणजे आपली सुरक्षितता चोराला गणित जमत नाही यावर अवलंबून आहे. १९९४ साली पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने दाखवून दिले की, पुंजवादाच्या नियमांवर चालणारा संगणक, ज्याला आपण क्वांटम संगणक म्हणतो, पुरेसा मोठा झाला तर हे गणित तो झपाट्याने सोडवील. तेवढा मोठा संगणक अजून झालेला नाही. मग घाई कसली, असे तुम्ही म्हणाल. घाई अशासाठी की, चोर आजचे बंद निरोप साठवून ठेवू शकतो आणि वीस वर्षांनी उघडू शकतो. आजचा बाजारभाव वीस वर्षांनी कुणाला कळला तरी बिघडत नाही. पण एखाद्या रुग्णाचे कागद, सरकारचा खलिता, किनाऱ्याच्या संरक्षणाचा आराखडा, यांचे तसे नाही. त्यांचे गुपित माणसाच्या आयुष्याएवढे टिकावे लागते.

आता निसर्गाच्या शिक्क्याकडे वळू. प्रकाश हा अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो. प्रत्येक प्रकाशकणाला आंदोलनाची एक दिशा असते: उभी, आडवी, किंवा डावीउजवीकडे तिरकी. काठ्यांच्या कुंपणातून दोरी ओवून हलवली तर उभी लाट फटीतून पार होते आणि आडवी लाट अडते, तसाच काहीसा हा प्रकार. १९८४ साली चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार या दोघांनी एक युक्ती मांडली. पाठवणाऱ्याने शून्य आणि एक हे अंक एकेका कणाच्या दिशेत भरून पाठवायचे. कधी उभ्याआडव्या जोडीत, कधी तिरक्या जोडीत, मनाला येईल तसे. घेणाऱ्यानेही मनाला येईल ती जोडी निवडून कण तपासायचा. नंतर साध्या टेलिफोनवरून दोघांनी फक्त कोणती जोडी निवडली होती एवढे सांगायचे, अंक सांगायचे नाहीत. जिथे जोडी जुळली ते अंक ठेवायचे, बाकीचे टाकून द्यायचे. उरलेली अंकांची माळ हीच गुप्त किल्ली.

मधे चोर बसला तर काय होईल? त्याला कण तपासावाच लागेल, आणि कोणती जोडी निवडली होती हे त्याला ठाऊक नसते. चुकीच्या जोडीने तपासला की कणाची मूळची दिशा पुसली जाते. प्रत्येक कण त्याने असा तपासून पुढे पाठवला तर ठेवलेल्या अंकांत सरासरीने चारांतला एक चुकीचा निघतो. दोघांनी काही अंक नमुन्यादाखल ताडून पाहिले की चोरी उघडकीस येते, आणि ती किल्ली फेकून देता येते. पण चोराने कणाची हुबेहूब नक्कल करून नक्कल स्वतःकडे ठेवली आणि मूळ कण पुढे पाठवला तर? तेही शक्य नाही. अनोळखी अवस्थेतल्या एकट्या कणाची तंतोतंत प्रत काढता येत नाही, हे वुटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, १९८२ साली सिद्ध केले. पुंजवादाचा हा नियम म्हणजे आपली लाख.

श्रोतेहो, इथपर्यंत सारे सुरळीत वाटते. खरी अडचण पुढे आहे, आणि ती अंतराची आहे.

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो तेव्हा वाटेत थोडाथोडा नाहीसा होतो. उत्तम तंतूतही पन्नास किलोमीटरला दहांतला एकच कण शिल्लक राहतो. मालवण ते मुंबई हे अंतर सुमारे पाचशे किलोमीटर धरू. अशी खास तार आपल्याकडे आलेली नाही, हा केवळ हिशेब आहे. पाचशे किलोमीटर म्हणजे पन्नासाचे दहा टप्पे. प्रत्येक टप्प्याला दहांतला एक उरला तर मालवणहून सोडलेल्या एक हजार कोटी कणांपैकी मुंबईला एक पोचेल. सेकंदाला एक कोटी कण सोडणारा दिवा लावला तरी एका कणासाठी सतरा मिनिटे वाट पाहावी लागेल. हजार किलोमीटरवर तर तोच दिवा एक कण पोचवायला तीन लाख वर्षे घेईल.

नेहमीच्या टेलिफोनच्या तारेलाही हा रोग आहेच. तिथे औषध सोपे असते. दर साठ-ऐंशी किलोमीटरवर एक यंत्र बसवतात. ते मंद झालेला प्रकाश वाढवून पुढे ढकलते. इथे ते औषध चालत नाही. प्रकाश वाढवणे म्हणजे कणाच्या प्रती काढणे, आणि आत्ताच आपण पाहिले की, प्रत काढायला निसर्गाची मनाई आहे. ज्या नियमाने चोर अडतो त्याच नियमाने आपले टपालही अडते. या एका पेचातून वाट काढण्यासाठी गेली तीस वर्षे जगभरचे शास्त्रज्ञ खपत आहेत.

पहिली वाट व्यवहारी माणसाची. वाटेत ठाणी बसवायची. प्रत्येक ठाण्यावर किल्ली उघडायची आणि पुढच्या ठाण्यासाठी नव्या किल्लीत बंद करून पाठवायची. चीनने २०१७ साली बीजिंग ते शांघाय अशी दोन हजार किलोमीटरची तार बत्तीस ठाण्यांनी जोडली, ती याच पद्धतीने. पण हा प्रकार टपालाची पिशवी दर ठाण्यावर उघडण्यासारखा आहे. सिंधुदुर्ग किल्ला बांधायला शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरुवात केली. त्याचा महादरवाजा तटाच्या वळणांत असा लपवला आहे की, होडीतून येणाऱ्याला तो चटकन दिसत नाही. पण तट कितीही भक्कम असो, आतला माणूस फितूर झाला की दरवाजा आतून उघडतो. बत्तीस ठाणी म्हणजे बत्तीस किल्लेदार. एक फुटला तरी सारे गुपित फुटले.

दुसरी वाट मात्र विलक्षण आहे. फितूर किल्लेदारालाही गुपित कळू नये अशी ती आहे.

दोन प्रकाशकण एकाच घटनेतून असे जन्माला घालता येतात की, त्यांची अवस्था वेगवेगळी सांगताच येत नाही. दोघांची मिळून एकच अवस्था असते. इंग्रजीत याला एन्टँगलमेंट म्हणतात. आपण गुंफण म्हणू. एक कण मालवणला ठेवला, दुसरा मुंबईला नेला, आणि दोघांची एकाच दिशेने तपासणी केली, तर उत्तरे नेमकी जुळतात. तपासण्यापूर्वी मात्र कोणते उत्तर येणार हे कुणालाच ठाऊक नसते. यावरून मालवणचा निरोप क्षणात मुंबईला जातो असा गैरसमज करून घेऊ नका. उत्तर आपल्या हातात नसते, म्हणून त्यातून निरोप पाठवता येत नाही. पण दोन्ही ठिकाणी आपोआप सारखी अंकमाळ तयार होते, आणि किल्लीला तेवढेच हवे असते.

१९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी या गुंफणीवर शंका घेतली. कणांनी जन्मतःच उत्तरे खिशात घालून आणली असतील, अशी त्या शंकेची दिशा होती. १९६४ साली जॉन बेल यांनी ही शंका कसाला लावण्याची रीत दिली. पुढे त्या रीतीला सोपे रूप मिळाले. दोन्ही टोकांची उत्तरे ठराविक पद्धतीने ताडून एक आकडा काढायचा. उत्तरे खिशातली असतील तर तो आकडा २ च्या वर जाऊ शकत नाही. खरी गुंफण असेल तर तो २.८ च्या थोडा पुढे जाऊ शकतो. प्रयोगांनी तो २ च्या वर जातो हे दाखवून दिले. त्या कामाबद्दल आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे तात्त्विक वाटेल, पण सुरक्षिततेचे मर्म इथेच आहे. आर्टुर एकर्ट यांनी १९९१ साली ओळखले की, हीच कसोटी पहारेकऱ्याचे काम करील. दोन कण पूर्णपणे एकमेकांत गुंफलेले असले तर तिसरा कुणी त्या गुंफणीत शिरू शकत नाही. तो शिरला की गुंफण सैल होते आणि आकडा घसरतो. म्हणजे कण कुठून आले, वाटेत कुणाच्या हातातून गेले, याची चौकशी करण्याची गरजच उरत नाही. दोन टोकांच्या माणसांनी आकडा पाहावा आणि निर्णय घ्यावा.

आता ही गुंफण दूर न्यायची कशी? एक जोडी मालवण ते कणकवली नेली, दुसरी कणकवली ते राजापूर. कणकवलीच्या ठाण्यावर दोन्ही जोड्यांचा एकेक कण आहे. त्या दोन कणांची एकत्र तपासणी केली की एक अजब गोष्ट घडते: मालवण आणि राजापूर इथले कण, जे एकमेकांना कधी भेटलेही नव्हते, ते परस्परांत गुंफले जातात. ठाणेदाराने फक्त आपल्या तपासणीचा निकाल साध्या टेलिफोनवरून कळवायचा. असेच हातखंबा, चिपळूण, महाड, पनवेल करीत मुंबई गाठायची. ठाणेदाराच्या हाती किल्ली कधी येतच नाही. तो फितूर झाला तर काम बिघडवील, पण गुपित वाचू शकणार नाही. आणि त्याने बिघडवले हेही टोकांच्या आकड्यांवरून कळेल.

पण नुसती ठाणी पुरत नाहीत. समजा, दहा मुले दहा फासे टाकीत आहेत आणि सर्वांना एकाच वेळी सहा पडायला हवेत. असे घडायला सरासरी सहा कोटी फेऱ्या लागतील. आता नियम बदला: ज्याला सहा पडला त्याने फासा तसाच ठेवून थांबायचे, बाकीच्यांनी टाकीत राहायचे. आता सोळा-सतरा फेऱ्यांत काम होते! ठाण्यांचे तसेच आहे. दहाही टप्प्यांत कण एकाच क्षणी पोचण्याची वाट पाहिली तर पुन्हा हजार कोटींत एक. पण ज्या टप्प्यात जोडी जमली तिथे ती जपून ठेवता आली, तर हिशेब पार पालटतो. हे जपून ठेवण्याचे साधन म्हणजे पुंजस्मृती. अणूमध्ये किंवा हिऱ्याच्या स्फटिकातल्या एखाद्या दोषात प्रकाशकणाची अवस्था उतरवून ती काही काळ टिकवायची. ब्रीगेल, ड्युर, सिराक आणि झोलर यांनी १९९८ साली अशा ठाण्यांचा संपूर्ण आराखडा मांडला.

जपून ठेवलेली जोडी हळूहळू विटते, आणि दर ठाण्यावर थोडी अशुद्धी मिसळते. त्यावरही उपाय निघाला आहे. १९९६ साली बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्धीकरणाची रीत सांगितली. दोन सैल जोड्या घ्यायच्या, त्यांची आपापल्या टोकाला सांगड घालायची, आणि एक जोडी साक्षीदार म्हणून तपासून खर्ची टाकायची. साक्ष जुळली तर उरलेली जोडी पूर्वीपेक्षा घट्ट असते. नाही जुळली तर तीही टाकून द्यायची. मूळची शुद्धता निम्म्याहून अधिक असली की हे पुन्हापुन्हा करता येते. अर्थात दर वेळी निम्म्याहून अधिक माल खर्ची पडतो. गुंफण सुधारायची तर वेग गमवावा लागतो, आणि हा सौदा कुणालाच टळलेला नाही.

हे कितपत साधले आहे? २०२२ साली जर्मनीत म्युनिक इथे दोन अणू तेहतीस किलोमीटर तंतूच्या टोकांना गुंफून दाखवले गेले. २०२४ साली अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी बॉस्टन परिसरात जमिनीखालून गेलेल्या पस्तीस किलोमीटरच्या नेहमीच्या तंतूतून हिऱ्यातल्या दोन स्मृती जोडल्या. पण ठाण्यामागून ठाणे जोडून शेकडो किलोमीटरची रोजच्या वापराची वाट अजून कुठेच तयार झालेली नाही.

तिसरी वाट आकाशातली. हवा वर विरळ होत जाते आणि पोकळीत प्रकाश शोषला जात नाही. चीनने १६ ऑगस्ट २०१६ रोजी मिसियस नावाचा उपग्रह सोडला आणि २०१७ साली बाराशे किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांना गुंफलेले कण पोचवले. उपग्रहावर सेकंदाला सुमारे साठ लाख जोड्या तयार होत होत्या. जमिनीवर सेकंदाला एखादी हाती लागे. २०२० साली याच उपग्रहाने ११२० किलोमीटरवर गुंफणीच्या कसोटीची किल्ली तयार केली, सेकंदाला ०.१२ अंक या वेगाने. नेहमीच्या कुलपाला २५६ अंकांची किल्ली लागते. या वेगाने ती घडायला पस्तीस मिनिटे हवीत. उपग्रह डोक्यावर असतो मात्र थोडीच मिनिटे. म्हणजे एका किल्लीसाठी अनेक रात्री! तरीही मधे एकही विश्वासाचे ठाणे नव्हते, हे त्या प्रयोगाचे मोल आहे.

आपल्या देशातही पावले पडत आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये इस्रोने अहमदाबादला मोकळ्या हवेतून तीनशे मीटरवर अशी किल्ली पाठवली. २०२२ च्या फेब्रुवारीत संरक्षण संशोधन संस्था आणि दिल्लीची आय.आय.टी. यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या तंतूवर यश मिळवले. २०२५ च्या जूनमध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.च्या आवारात गुंफलेल्या कणांनी मोकळ्या हवेतून एक किलोमीटरहून अधिक अंतर कापले. किल्लीचा वेग सेकंदाला सुमारे दोनशे चाळीस अंक होता. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. देशात दोन हजार किलोमीटरपर्यंत उपग्रहाने आणि तारेनेही सुरक्षित संदेशवहन व्हावे, हे तिचे एक उद्दिष्ट आहे आणि मुदत २०३०-३१ पर्यंतची आहे. या मोहिमेत संदेशवहनाचे केंद्र मद्रासच्या आय.आय.टी.कडे, तर सूक्ष्म मापनाचे मुंबईच्या आय.आय.टी.कडे आहे. पुण्याच्या आयसर या संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र चालते. आपल्या मुलांना या विषयासाठी फार दूर जावे लागेल असे नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. रामन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडण्याच्या दृष्टीने लडाखमधले हान्ले हे ठिकाण अनुकूल ठरवले आहे, कारण तिथले आकाश कोरडे आणि निरभ्र असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाशच दिसत नाही. ढगातून एकटा प्रकाशकण सरळ येत नाही. म्हणून कोकणपट्टीला बारमाही भरवसा हवा असेल तर तो जमिनीखालच्या तारेचा आणि तिच्यावरच्या स्मृतिठाण्यांचाच. उपग्रह आला की सारे प्रश्न मिटतील, हे आपल्यापुरते खरे नाही.

आणखी दोन सावधगिरीचे शब्द. निसर्गाचा नियम अभंग असला तरी यंत्र माणसाने केलेले असते. २०१० साली संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या अशा यंत्रांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकून त्यांना आंधळे केले आणि किल्ली मागमूस न ठेवता मिळवून दाखवली. यावर उतारा पुन्हा बेलची कसोटीच आहे. यंत्रावर विश्वास न ठेवता केवळ त्या आकड्यावरून किल्ली पारखण्याचे पहिले प्रयोग २०२२ साली झाले. दुसरे असे की, पलीकडच्या टोकाला खरोखर आपलाच माणूस आहे, ही ओळख पुंजवाद पटवून देत नाही. तिला वेगळी व्यवस्था लागते. म्हणूनच गणिताची नवी, क्वांटम संगणकालाही अवघड जातील अशी कुलपे तयार होत आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांपैकी तीन प्रसिद्ध केली. तुमच्या-आमच्या मोबाईलला प्रथम तीच लागतील. गुंफणीची तार आधी येईल ती जिथे गुपित पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचे आहे तिथे: संरक्षणात, मोठ्या बँकांत, सरकारी दप्तरांत.

तात्पर्य काय? किल्ली दूर पोचवणे वेगळे आणि वाटेतल्या कुणावरही विश्वास न ठेवता ती पोचवणे वेगळे. पहिले काम आज पैसा खर्च केला की होते. दुसऱ्यासाठी गुंफण टिकवायला, साठवायला आणि शुद्ध करायला शिकावे लागेल. यापुढे वर्तमानपत्रात अमुक हजार किलोमीटरचा विक्रम झाल्याचे वाचाल, तेव्हा एकच प्रश्न विचारा: मधे किती ठाणेदारांवर भरवसा ठेवला होता? त्या प्रश्नाच्या उत्तरावरून विक्रमाची खरी किंमत कळेल. आणि तोवर, फोनवर आलेला गुप्त अंक कुणी गोड बोलून मागितला तर सांगू नका. प्रकाशाच्या कणाला निसर्गाने शिक्का लावला आहे. आपल्या तोंडाला तो आपणच लावायचा आहे.